घंटा झाल्यावर सुरू होणारी शाळा

लखनौच्या मॅरिस संगीत विद्यालयात घडलेल्या मुलांची कहाणी आणि आजच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची शिदोरी

दहावीचा निकाल लागून पंचवीस वर्षं उलटली की माणसाला शाळेतलं नेमकं काय आठवतं? भूमितीची प्रमेयं आठवत नाहीत. इतिहासाच्या सनावळ्या तर पेपर संपला त्याच संध्याकाळी पुसल्या गेलेल्या असतात. आठवतात ते एखादे कडक मास्तर, बाकावरचा सोबती, कविता शिकवताना भरून आलेला बाईंचा आवाज. गुणपत्रिकेत जे कुठेच लिहिलेलं नसतं, तेच जन्मभर सोबत येतं!

मग शाळा खरी कुठे असते? फळ्यासमोर, की घंटा झाल्यानंतर?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मराठी माणसानं जरा लांबच्या गावी जायला हरकत नाही. ते गाव म्हणजे नवाबांचं लखनौ. तिथे १९२६ मध्ये एक शाळा निघाली. शाळा गाण्याची. ती उभी करण्यात पुढाकार होता एका मुंबईकर मराठी वकिलाचा. तिला नावारूपाला आणलं दुसऱ्या एका मुंबईकर मराठी मास्तरांनी. आणि तिच्यात शिकायला मुलं आली ती बेळगावकडून, कारवारकडच्या घराण्यांतून, मुंबईतून, पंजाबातून आणि खुद्द लखनौच्या गल्ल्यांतून. त्या मुलांपैकी कुणी बंदिशींचं चालतंबोलतं भांडार झालं, कुणी गझलेचा बादशहा, तर कुणी सिनेमाचं संगीत घडवलं. आज ही मुलं हयात नाहीत. पण त्यांनी शाळेतून काय नेलं, हे पाहिलं की आजच्या दप्तराच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही बरंच काही सापडतं.

अकराव्या वर्षी परमुलूख

बेळगाव जिल्ह्यातलं बैलहोंगल हे छोटं गाव. तिथे २६ डिसेंबर १९२५ रोजी कृष्ण गुंडोपंत गिंडे यांचा जन्म झाला. मुलाचा गळा गोड, कान तयार. पण १९३६ साली गाणं शिकायचं म्हणजे काय करायचं, हा प्रश्न साधा नव्हता. गाण्यावर पोट भरेल याची खात्री नव्हती. गवयाच्या मागे गेलेला मुलगा वाया गेला, असं म्हणणारी माणसं गावोगाव होती.

अशा काळात हा मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी लखनौला निघाला. आजच्या हिशेबानं म्हणजे पाचवी-सहावीतला मुलगा! बैलहोंगलहून बेळगाव, तिथून मीटरगेज गाडीनं पुणे, पुढे मुंबई आणि मग झाशी-कानपूरवरून लखनौ, असा त्या काळचा लांबलचक रस्ता. भाषा निराळी, जेवण निराळं, थंडी अशी की दक्षिणेकडच्या पोराचे दात वाजावेत. कानांवर कन्नड आणि मराठी घेऊन वाढलेल्या मुलाला ‘पहले आप’च्या अदबीत आणि उर्दू वळणाच्या हिंदुस्थानीत वावरायचं होतं.

त्याला नेणारे होते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी मुलाला नुसतं शाळेत घातलं नाही, आपल्या घरात घेतलं. पुढे पंडित के. जी. गिंडे म्हणून जे नाव झालं, त्याची सुरुवात या घरात झाली. ती कशी, ते समजायला आधी ही शाळा का निघाली, ते पाहायला हवं.

वकिलानं मांडलेला खटला

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वरला, १० ऑगस्ट १८६० रोजी. शिक्षणानं वकील. काही काळ त्यांनी वकिलीही केली. पण ओढा गाण्याकडे. मुंबईत पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते १८८४ पासून जाऊ लागले. तिथे त्यांनी पुष्कळ ऐकलं, शिकलं, आणि त्यांना एक गोष्ट खटकू लागली.

ती अशी, की एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी गात. विचारावं तर, ‘आमच्या घराण्यात असंच आहे,’ एवढंच उत्तर! जुने संस्कृत ग्रंथ एक सांगत, प्रत्यक्ष मैफल दुसरंच सांगे. चांगल्या चिजा घराण्याच्या कुलपात बंद. उस्तादाची मर्जी बसली तर शिष्याला चीज मिळायची. नाही बसली तर ती उस्तादाबरोबर कबरीत जायची.

पत्नी आणि मुलगी दोघींच्याही मृत्यूनंतर भातखंडे यांनी स्वतःला या कामाला वाहून घेतलं. १९०४ मध्ये ते दक्षिणेत हिंडले. पुढे उत्तरेत आणि पूर्वेत फिरले. ग्रंथालयांत बसून पोथ्या उतरवल्या. रामपूर, जयपूर अशा ठिकाणच्या उस्तादांची मनं वळवून चिजा मिळवल्या, लिहून काढल्या. वकिलाच्या चिकाटीनं त्यांनी पुरावा गोळा केला आणि मग निकाल मांडला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथाचे चार खंड त्यांनी गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात लिहिले, आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’च्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक बंदिशी स्वरलिपीसह छापून टाकल्या. कुलपातली चीज आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागली!

पण पुस्तकानं गाणं येत नाही. त्यासाठी शाळा हवी. युरोपात अशी विद्यालयं जुनीच होती. पॅरिसचं संगीत विद्यालय १७९५ चं. आपल्याकडे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून रस्ता दाखवला होता. भातखंडे यांनी स्वतः ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयाची घडी १९१८ मध्ये बसवून दिली होती.

त्यांची मनीषा त्याहून मोठी होती. साऱ्या देशासाठी एक संगीत अकादमी असावी, असं त्यांना वाटे. १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हापासून हा विषय निघत होता. चौथी आणि पाचवी परिषद लखनौत भरली आणि तिथे योग जुळून आला. संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि त्यांच्याच घराण्यातले राय उमानाथ बली यांनी विषय उचलून धरला. १९२६ मध्ये विद्यालय सुरू झालं. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचं नाव त्याला देण्यात आलं.

आज हे विद्यालय जिथे आहे, ती कैसरबागेतली इमारत म्हणजे वाजिद अली शाहचा परीखाना. १८५६ मध्ये इंग्रजांनी या नवाबाला गादीवरून उतरवून कलकत्त्याला धाडलं. ज्या वास्तूत फक्त नवाबासाठी गाणं आणि नाच शिकवला जाई, तिथे पुढे फी भरून कुणाचंही मूल तानपुरा घेऊन बसू लागलं. काळाचा महिमा, दुसरं काय!

वहीत उतरलेला सूर

या शाळेत शिकवायचे कसे? आज ज्यांची मुलं गाण्याच्या क्लासला जातात, त्यांच्या घरातल्या वहीत याचं उत्तर सापडेल. स्वराखाली आडवी रेघ असेल तर तो कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असेल तर तो तीव्र. खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार सप्तक. तालाची सम फुलीनं दाखवायची, खाली शून्यानं. ही सारी भातखंडे यांची लिपी.

राग किती? शेकडो. मुलांनी ते लक्षात कसे ठेवायचे? भातखंडे यांनी त्यांची दहा थाटांत वाटणी केली. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. प्रत्येक रागाचा आरोह-अवरोह, वादी-संवादी स्वर आणि गाण्याची वेळ ठरवून दिली. पाढ्यांसारखी पाठ व्हावीत म्हणून लक्षणगीतं रचली. लक्षणगीत म्हणजे रागाचे नियम त्याच रागात गाऊन सांगणारं गीत. मुलानं गीत पाठ केलं की व्याकरण आपोआप पाठ! या रचनांत त्यांनी ‘चतुर’ ही नाममुद्रा वापरली.

वर्गात आधी स्वर, मग सरगम, मग लक्षणगीत, मग ख्याल, पुढे ध्रुपद-धमार, तराणा. पायरीपायरीनं चढायचं. वर्षाच्या शेवटी परीक्षा. लेखी वेगळी, प्रत्यक्ष गायनाची वेगळी. घराण्यातल्या उस्तादाला हे सारं पोरखेळ वाटायचं. राग काय फळ्यावर लिहिता येतो?

यात तथ्य नव्हतं असं नाही. कोमल गंधाराखाली रेघ मारता येते, पण दरबारीतला गंधार आंदोलन घेत कसा हलतो, ते रेघ सांगत नाही. ते ऐकावंच लागतं. दहा थाटांच्या चौकटीत काही राग नीट बसत नाहीत, ही टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. म्हणजे वही हवी, पण वही पुरत नाही. ही अडचण ओळखणारा शिक्षक लखनौला मिळाला, हे त्या शाळेचं भाग्य.

अण्णासाहेबांचं घर

रातंजनकर यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. जन्म मुंबईचा, ३१ डिसेंबर १८९९. लहानपणीच भातखंडे यांच्याकडे शिकू लागले. पुढे बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळून आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाझ खाँ यांच्याकडे गेले. शिवाय मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवीही मिळवली. म्हणजे पंडिताची शिस्त, उस्तादाची मैफल आणि कॉलेजचं शिक्षण असे तिन्ही झरे एकाच माणसात आलेले! १९२८ मध्ये ते मॅरिसचे प्राचार्य झाले आणि त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं तिथेच घातली.

मैफलीचा गवई म्हणून त्यांना मोठं नाव करता आलं असतं, असं त्यांचं गाणं ऐकलेले जाणकार म्हणत. पण शाळा चालवणाऱ्याला गळा जपायला वेळ कुठला? वर्ग घ्यायचे, परीक्षा घ्यायच्या, विद्यालयाचा कारभार पाहायचा आणि रात्री पुन्हा मुलांना शिकवायला बसायचं. त्यांनी शेकडो बंदिशी बांधल्या. त्यांची नाममुद्रा ‘सुजान’.

अण्णासाहेबांनी शाळा आणि गुरुकुल यांत निवड केली नाही. दोन्ही चालवलं. दिवसा सगळ्यांसाठी विद्यालय. घंटा झाली की घरात गिंडे यांच्यासारख्या शिष्यांची दुसरी शाळा.

या दुसऱ्या शाळेला वेळापत्रक नसतं. गुरू स्वतः रियाज करताना कुठे थांबतात, चुकलेली जागा पुन्हा कशी घेतात, ते शिष्याच्या कानांवर पडत असतं. मैफलीत मागे तानपुरा घेऊन बसलं की आज श्रोते कसे आहेत आणि राग किती वेळ मांडायचा, हे न सांगता कळतं. जुन्या चिजा उतरवून काढताना अक्षराबरोबर सूरही हाताखालून जातो. धाकट्यांना शिकवायची वेळ आली की आपल्याला काय येत नाही, तेही समजतं. हे कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिता येत नाही. ते घरातल्या वावरण्यातून मिळतं.

गिंडे लखनौला पोचले त्याच वर्षी, १९ सप्टेंबर १९३६ रोजी, भातखंडे यांचं मुंबईत निधन झालं. तो दिवस गणेश चतुर्थीचा. शाळा काढणारा गेला आणि शाळेचं काम पुढे नेणारा एक मुलगा त्याच साली दारात आला. तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनीही नसेल!

एका वर्गातले किती जण!

या शाळेत नुसते पक्के गवईच घडले असते, तर तिची गोष्ट अर्धीच राहिली असती. पण हजेरीपटावरची नावं पाहा.

लखनौचाच एक तरुण तिथे शिकायला आला. त्याच्या आवाजात मखमल होती आणि एक हलका कंप. अण्णासाहेबांचे शिष्य पंडित एस. सी. आर. भट यांनी त्याला शिकवलं. तो तलत महमूद. ज्या कंपाला शास्त्रीय गायनात दोष म्हटलं असतं, तोच त्याची ओळख झाला आणि साऱ्या देशानं त्यावर प्रेम केलं.

पंजाबातल्या गुजरानवाल्याचे रोशनलाल नागरथ हेही इथलेच विद्यार्थी. पुढे ‘बरसात की रात’ आणि ‘ताजमहल’चे संगीतकार रोशन म्हणून ते घराघरांत पोचले. त्यांच्या चालींत रागाची जी जाण दिसते, तिच्या पाठीशी लखनौची तालीम आहे.

चिदानंद नागरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिन्मय लाहिरी हे सारे अण्णासाहेबांच्याच हाताखालचे. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनी इथे वर्षानुवर्षं शिकवलं. कथकचे मोहनराव कल्याणपूरकर हुबळीकडचे. त्यांनी तर लखनौचं कथक आत्मसात करून लखनौकरांनाच ते शिकवलं! तबल्यासाठी लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ, आणि पुढच्या काळात अहमदजान थिरकवा. म्हणजे ज्या घराणेदार उस्तादांना शाळा नकोशी वाटत होती, त्यांच्यातलेच दिग्गज शाळेत मास्तर म्हणून येऊन बसले.

मुलींसाठी उघडलेलं दार

त्या काळी लखनौत बाईनं गायचं म्हणजे चौकातल्या कोठ्यावर, अशीच समजूत होती. घरंदाज मुलीनं तानपुरा हातात घेतला तर नातेवाइकांच्या भुवया वर जात. लग्न कसं जमणार, हा प्रश्न लगेच पुढे यायचा. शाळेमुळे एक फरक पडला. मुलगी ‘बैठकीला’ जात नव्हती, ‘कॉलेजला’ जात होती. वेळापत्रक होतं, परीक्षा होती, प्रमाणपत्र होतं. बापाला शेजाऱ्यांना सांगता येत होतं.

मुंबईच्या एका पारशी घरातली खुर्शीद मिनोचर-होमजी भातखंडे यांच्याकडे शिकली आणि मॅरिस कॉलेजातही तिनं शिक्षण घेतलं. ‘बॉम्बे टॉकीज’च्या ‘अछूत कन्या’ला १९३६ मध्ये संगीत देणाऱ्या सरस्वतीदेवी त्या याच. पारशी मुलीनं सिनेमात जाण्यावरून समाजात गदारोळ झाला, म्हणून नाव बदलावं लागलं. आपल्या सिनेमाच्या पहिल्या स्त्री संगीतकारांत त्यांचं नाव घेतलं जातं.

मध्य प्रांतातल्या बालाघाटच्या सुमती मुटाटकर अण्णासाहेबांकडे लखनौला शिकल्या. पुढे दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागाचं नेतृत्व त्यांनी केलं. १९९९ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. आणि नियतीची गंमत अशी, की बेगम अख्तर, ज्यांचं गाणं बैठकीच्या परंपरेतून आलं, त्याही पुढे याच विद्यालयात शिकवायला आल्या. शाळेचं दार एकदा उघडलं की ते दोन्ही बाजूंनी उघडतं!

परीक्षेची कसोटी

अण्णासाहेबांच्या आयुष्यात एक प्रसंग असा आला, की परीक्षा हा शब्दच वादात सापडला. स्वातंत्र्यानंतर माहिती आणि नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांनी १९५२ मध्ये आकाशवाणीवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी ध्वनिचाचणी सक्तीची केली. चाचणी मंडळाचे प्रमुख होते रातंजनकर. गायनाबरोबर रागाच्या शास्त्राचे प्रश्नही विचारले जाऊ लागले.

गवई खवळले. तीस-तीस वर्षं मैफली मारणाऱ्यानं आता शाळकरी मुलासारखी परीक्षा द्यायची? निषेध झाला, बहिष्कार झाला. एका बाजूला म्हणणं असं, की सरकारी पैशानं गाणाऱ्याला किमान पात्रता हवी, वशिला चालता कामा नये. दुसऱ्या बाजूला म्हणणं असं, की ज्याला वादी-संवादी सांगता येत नाही, पण गायला बसल्यावर जो रडवतो, त्याचं काय?

दोन्ही बाजूंत अर्थ होता. परीक्षेनं कच्चा माल बाजूला पडतो, हे खरं. पण परीक्षेच्या तागडीत जे बसत नाही ते हलकंच असतं, असं नाही. तलतच्या आवाजातला कंप आठवा!

लखनौचं ऋण मुंबईत फेडलं

अण्णासाहेबांना १९५७ मध्ये ‘पद्मभूषण’ मिळालं. पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे ते कुलगुरू झाले. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले. पण त्याआधीच त्यांची शाळा मुंबईत येऊन पोचली होती. नागरकरांनी १९४६ मध्ये भारतीय विद्या भवनाच्या संगीत शिक्षापीठाची धुरा घेतली. पुढे कैकिणी यांनीही ती सांभाळली. गिंडे १९५१ मध्ये मुंबईला आले, भवनात शिकवू लागले आणि १९६२ पासून शीवच्या वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य झाले.

गिंडे यांच्याकडे बंदिशींचा एवढा साठा होता, की कुठल्याही अनवट रागाचं नाव काढावं आणि त्यांनी त्यातल्या दोन-तीन चिजा ऐकवाव्यात. एखादी चीज हवी असली की गवई त्यांच्याकडे येत. ते कुणालाही रिकाम्या हातानं परत पाठवत नसत, अशी त्यांची ख्याती. अभ्यासकांसाठी त्यांनी या बंदिशी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. १९९४ मध्ये त्यांचं निधन झालं, पण साठा राहिला. भातखंडे दारोदार फिरून ज्या चिजा मागत होते, त्या त्यांच्या शिष्याच्या शिष्यानं मागेल त्याला दिल्या. शाळेचं खरं प्रगतिपुस्तक हेच म्हणायचं!

आजच्या मुलांसाठी शिदोरी

आज अकरावीतली मुलं लातूरला जातात, कोट्याला जातात. खोली भाड्यानं, डबा लावलेला, भिंतीवर वेळापत्रक. आईवडील पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना लखनौच्या या विद्यार्थ्यांकडून काय घेता येईल?

पहिली गोष्ट, आधी ऐका. गाण्यात कान आधी तयार होतो, गळा नंतर. गणित असो की भाषा, चांगलं सोडवलेलं उदाहरण आणि चांगलं वाचलेलं वाक्य भरपूर पाहिल्या-ऐकल्याशिवाय स्वतःचं येत नाही.

दुसरी, हातानं लिहा. छापील नोट्स आणि मोबाइलमधले फोटो यांनी वही भरते, डोकं नाही. जे हाताखालून जातं, ते लक्षात राहतं.

तिसरी, परीक्षा मनापासून द्या, पण तिला शेवटचा शब्द मानू नका. परीक्षा म्हणजे दार. दारातून आत गेल्यावर घर असतं, आणि ते आपलं आपल्याला बघावं लागतं.

चौथी, मास्तरांना वर्गाबाहेर गाठा. शंका विचारायला थांबा. त्यांचं काम करताना त्यांना पाहा. शिकवण्याहून अधिक काही तिथे मिळतं.

पाचवी, शेजारच्या बाकावरच्या मुलाचा रस्ता निराळा असेल, तर त्याला हसू नका आणि त्याचा हेवाही करू नका. एकाच शाळेतून धृपद गाणाराही निघाला आणि सिनेमाच्या चाली बांधणाराही. शाळा एकच होती, फळं निरनिराळी.

सहावी, मिळालेलं वाटा. पुढच्या वर्षीच्या मुलाला आपली वही द्या. दिल्यानं ज्ञान कमी होत नाही, हे गिंडे यांच्यासारख्यांनी जगून दाखवलं.

आणि आईवडिलांसाठी एकच गोष्ट. मूल लांब पाठवताना आपण फी विचारतो, निकालाची टक्केवारी विचारतो. पण तिथे त्याला हक्कानं घरी ये म्हणणारं, आज गप्प का, असं विचारणारं वडीलधारं माणूस कोण आहे, हे विचारतो का? बैलहोंगलचं अकरा वर्षांचं पोर परमुलखात टिकलं, कारण तिथे त्याला वर्गाबरोबर घरही मिळालं होतं. अभ्यासाचा ताण मुलं सोसतात. एकटेपणा सोसणं कठीण जातं.

लखनौचं विद्यालय अजून चालू आहे. १९६६ मध्ये सरकारनं ते ताब्यात घेतलं आणि त्याला भातखंडे यांचं नाव दिलं. २००० मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झालं आहे. कैसरबागेत आजही मुलं तानपुरे जुळवतात, आणि त्यांच्या वह्यांत कोमल स्वराखाली तीच आडवी रेघ असते. त्या रेघेपलीकडचं शिकवणारे मास्तर त्यांना भेटोत. तुमच्या-आमच्या मुलांनाही भेटोत!